अडगळ नव्हे, शोभेची वस्तूही नव्हे

जुन्या कॅमेऱ्यांविषयी आपल्या बेळगाव-निपाणी भागात दोन मते वारंवार ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही अडगळ आहे, भंगारात काढा. दुसरा म्हणतो, ही दुर्मिळ वस्तू आहे, काचेच्या कपाटात मांडा. आम्हांस ही दोन्ही मते सारखीच घातक वाटतात. कारण दोहोंच्या हाती यंत्राचे काम थांबते. देवळातील पिढीजात समई आपण मोडीत घालीत नाही, आणि दिवाणखान्यात शोभेसाठीही ठेवीत नाही. ती घासून, तेलवात करून रोज लावतो. जुन्या भिंगास हाच न्याय का लावू नये?

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. उत्सवाच्या रात्री सभामंडपात काय घडते ते पाहावे. समयांच्या मंद प्रकाशात आरती चालू असते, आणि फ्लॅशचा लखलखाट त्या प्रकाशाची क्षणात राख करतो. नव्या कॅमेऱ्याबरोबर मिळणारे सर्वसाधारण झूम भिंग लांबच्या टोकास एफ ५.६ पर्यंतच उघडते. सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यावरचे हेलिओस ४४-२ हे ५८ मि.मी.चे भिंग एफ २ पर्यंत उघडते, म्हणजे सुमारे आठपट प्रकाश आत घेते. देवस्थानची अनुमती असेल तेथे दिव्याच्याच उजेडात दिव्याचे चित्र घेण्याची सोय जुन्या काचेत आहे. मग तिला अडगळ कोणत्या तोंडाने म्हणावे?

ते नव्या कॅमेऱ्यास बसणार कसे, असा आक्षेप येतो. उत्तर साध्या वजाबाकीत आहे. या ४२ मि.मी. आट्याच्या भिंगांची बैठक फिल्मपासून ४५.४६ मि.मी. दूर असावी लागते. सोनीच्या आरसाविरहित कॅमेऱ्यात हे अंतर १८ मि.मी. आहे. मधली २७.४६ मि.मी. भरून काढणारी पोकळ कडी बसविली की काम झाले. निकॉनच्या आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यात मात्र हे अंतर मुळातच ४६.५ मि.मी. असल्याने साध्या कडीने दूरची वस्तू स्पष्ट होत नाही. खरेदीपूर्वी एवढे गणित न करणाऱ्याने नंतर भिंगास दोष देऊ नये.

अशी कडी बाजारात तयार मिळते. पण ज्या बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर रोज याहून अवघड काम होते, तेथील कारागिरास ती अशक्य आहे काय? शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि दामले यांनी १९१८ साली चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्या परंपरेच्या शेजारी राहून आपण एका कडीपुढे हात टेकावे, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

तथापि, फेरफार म्हणजे मोडतोड नव्हे. कानस घेऊन जुन्या कॅमेऱ्याची बैठक घासणारे, त्याचे पोट फोडून आत विजेचा दिवा बसविणारे, यांची जात एकच: पाषाणाच्या कोरीव खांबांवर तैलरंग फासणाऱ्या जीर्णोद्धारकांची! जे परत काढता येईल, तेवढेच जोडावे, हा आमचा नियम आहे.

घेताना डोळे उघडे ठेवावेत. भिंगातून विजेरीचा झोत टाकून बुरशीचे तंतू पाहावेत. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः चामड्याच्या पेटीत, ती हमखास धरते. एक सेकंदाचा शटर अडखळतो काय ते ऐकावे. भात्याच्या कॅमेऱ्यात अंधाऱ्या खोलीत दिवा धरून छिद्रे शोधावीत. भारतात बनलेला अगफा क्लिक-३ कपाटात असेल, तर त्याची १२० फिल्म आजही विकत मिळते. एका गुंडाळीत बारा चित्रे निघतात.

आमचे वाचकांस सांगणे इतकेच की, भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी आणि शोभेचे कपाट करविण्यापूर्वी आजोबांची ती पेटी एकवार उघडा. येत्या पालखीस ती बरोबर न्या.