बांगड्याची बाजू

हिंडलग्यावरून जाणारा वेंगुर्ला रोड हा बेळगावकरांच्या माशांचा रस्ता. किनाऱ्यावरचा बांगडा बर्फात बसून, आंबोलीचा घाट चढून याच वाटेने वर येतो. तरीही माशातली चरबी हवी म्हटली की आपली माणसे मेडिकलात जातात. शुगर बॉर्डरवर आली, ट्रायग्लिसराइड वाढले, की माशाच्या तेलाची कॅप्सूल सुरू करायचा सल्ला डॉक्टरच्या आधी शेजारीच देऊन मोकळा होतो.

कॅप्सूलवाल्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. 1970 च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांना ग्रीनलंडच्या इनुइट लोकांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड कमी आढळले. आहार सील-व्हेलच्या चरबीचा, म्हणून श्रेय त्या चरबीतल्या ओमेगा-3 ला गेले. 1999 मध्ये इटलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 11 हजारांवर रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. रोज सुमारे एक ग्रॅम ओमेगा-3 घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. एवढा पुरावा असताना नाक का मुरडायचे?

कारण बँग-डायरबर्गनी इनुइटांमधला हृदयविकार स्वतः मोजलाच नव्हता. आणि इटलीचे यश पुढच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत टिकले नाही. ब्रिटनमधल्या 15,480 मधुमेहींवरची ‘असेंड’ चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना रोज एक ग्रॅमची माशाच्या तेलाची कॅप्सूल, अर्ध्यांना ऑलिव्ह तेलाची, आणि हे सरासरी सात वर्षांहून अधिक काळ. हृदयविकार-पक्षाघाताचे प्रमाण पहिल्या गटात 8.9 टक्के, दुसऱ्यात 9.2. म्हणजे फरक नाहीच. शुगरचे तर बोलूच नका. 2019 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. ओमेगा-3 ने मधुमेह टळतही नाही आणि आटोक्यातही येत नाही, असेच निघाले.

एक दावा मात्र खरा आहे. ओमेगा-3 मुळे यकृत रक्तात कमी ट्रायग्लिसराइड सोडते. रोज चार ग्रॅम घेतले तर ते 20 ते 30 टक्क्यांनी उतरते. पण चार ग्रॅम कशाचे? साध्या ‘1000 मिलिग्रॅम’च्या कॅप्सूलमध्ये माशातल्या ओमेगा-3 ची दोन रूपे, ईपीए 180 आणि डीएचए 120, मिळून 300 मिलिग्रॅम, बाकी नुसते तेल. या हिशेबाने रोज तेरा-चौदा कॅप्सूल गिळाव्या लागतील! शिवाय एवढ्या मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. ट्रायग्लिसराइड फारच चढले असेल तर एवढ्या मात्रेचे ओमेगा-3 डॉक्टरने लिहून द्यावे, शेजाऱ्याने नव्हे.

मग मासा तरी का खायचा, असे कुणी विचारील. मासा खाल्ला की ताटातले दुसरे काहीतरी हटते, म्हणून. आठवड्यातून दोनदा मटणाच्या रश्शाऐवजी तिरफळ घातलेले बांगड्याचे कालवण आले, तर प्रथिने मिळाली, ओमेगा-3 मिळाले आणि संपृक्त चरबी कमी झाली. कॅप्सूल ताटातले काहीच हटवत नाही. उलट ती घेतली म्हणून माणूस निर्धास्तपणे कुंद्याचा डबा उघडतो. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड चढते ते बऱ्याचदा भाताच्या ढिगाने, गोडाने आणि दारूने. यकृत जादा साखरेची चरबीच करते. तारलीसारखा स्वस्त मासाही चालतो, आणि पावसाळ्यानंतर ती चांगली चरबीदार असते. सुरमईचाच हट्ट कशाला? फक्त रवा लावून तेलात बुडवलेल्या तुकडीला औषध म्हणू नका.

शाकाहारी मंडळी जवसाची चटणी पुढे करतील. ती जरूर खावी. पण जवसातल्या ओमेगा-3 चे शरीरात ईपीए फार थोडे होते, तेव्हा ती बांगड्याची बरोबरी करत नाही. चांगली आहे ती स्वतःच्या गुणांवर.

कॅप्सूलची डबी घेतलीच असेल तर मागची बारीक अक्षरे वाचा, ईपीए आणि डीएचएची बेरीज करा आणि पुढच्या तपासणीला ती डॉक्टरांना दाखवा. शुगरची गोळी मात्र या तेलाच्या भरवशावर बंद करू नका.