गायचं, पण एकटीने नाही

डिसेंबर 2024 मध्ये परस्तू अहमदी या इराणी गायिकेने एका जुन्या सराईत, समोर एकही श्रोता नसताना, हिजाबविना मैफल केली आणि ती यूट्यूबवर टाकली. लगेच गुन्हा, अटक, मग सुटका. 1979 च्या क्रांतीनंतर इराणात संगीतच बंद झालं, असं नाही. बाई वाद्य वाजवू शकते, कोरसमध्ये गाऊ शकते, फक्त बायकांपुढेही गाऊ शकते. पुरुष ऐकत असतील तर एकटीने गायचं नाही, एवढंच! लाडक्या गायिका गुगुश यापायी 21 वर्षं गप्प राहिल्या. 2000 मध्ये देशाबाहेर पडल्यावरच लोकांपुढे पुन्हा गायल्या.

गाण्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, आपल्या घराघरांतही आहेत. ते असोत. आम्हाला खटकतो तो मध्ये येणारा पोलीस. 1924 मध्ये तेहरानच्या ग्रँड हॉटेलात कमर-उल-मुलूक वझीरी बिनबुरख्याने गायल्या, त्या स्वतःच्या मर्जीने. 1936 मध्ये रझाशाहने मात्र पोलिसांकरवी बायकांच्या अंगावरच्या चादरी उतरवल्या. आज तोच दंडुका उलट्या बाजूने चालतोय. सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात कोसळली आणि वारली, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत स्वखुशीने हिजाब घालणाऱ्या बायकाही होत्या. आपल्याकडच्या बातम्यांत त्या फारशा दिसल्या नाहीत.