चिपच्या चिमटीत मुत्सद्देगिरी

नेदरलँड्समधील वेल्डहोव्हन ही काही रणभूमी नव्हे. तरीही वॉशिंग्टन आणि बीजिंग या दोन्ही राजधान्यांची नजर त्या गावावर खिळलेली आहे. अतिप्रगत संगणकीय चिपवर सूक्ष्म नक्षी कोरणारी ईयूव्ही यंत्रे जगात एकच कंपनी बनविते, ती तेथील एएसएमएल. अमेरिकेच्या आग्रहापुढे नमून डच सरकारने ही यंत्रे चीनला पाठविण्याचा परवाना दिलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिप व त्या घडविणाऱ्या साधनांवर निर्बंध लादले. चीनने २०२३ मध्ये गॅलियम व जर्मेनियम, तर एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मीळ मृदा-मूलद्रव्यांची निर्यात परवान्याखाली आणून उत्तर दिले. पूर्वी तहात गड आणि बंदरे मागितली जात. आता परवाने मागितले जातात!

भारताने कोणत्या छावणीत जावे, हा प्रश्न दिल्लीच्या चर्चासत्रांतून मोठ्या हौसेने विचारला जातो. मुळात छावणीत स्थान काय मिळते, ते पाहावे. जानेवारी २०२३ मध्ये भारत व अमेरिका यांनी प्रगत तंत्रज्ञानातील सहकार्याचा उपक्रम थाटात आरंभिला. दोनच वर्षांनी मावळत्या बायडेन प्रशासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपविषयी नियम जाहीर केले, तेव्हा मुक्त पुरवठ्यास पात्र अशा अठरा मित्रदेशांत भारत नव्हता. मे २०२५ मध्ये ते नियम मागे घेतले गेले खरे, परंतु मैत्रीची प्रतवारी उघड झाली ती झालीच.

हा अनुभव नवा नाही. भारताला हवा असलेला शक्तिशाली क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. मात्र हे उदाहरण सांगून छाती फुगविणाऱ्यांनी क्रायोजेनिक इंजिनाचेही स्मरण ठेवावे. १९९३ मध्ये अमेरिकी दडपणामुळे रशियाने ते तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. स्वदेशी इंजिनाचे यशस्वी उड्डाण होण्यास जानेवारी २०१४ उजाडला. वीस वर्षे!

आज तेवढा अवधी कोणी देणार नाही. केरळ व ओडिशाच्या किनाऱ्यांवर मोनाझाइटयुक्त वाळू आहे, ती हाताळणारी सरकारी कंपनी १९५० पासून आहे. तरीही २०२५ मध्ये चीनने हात आखडताच येथील मोटार उद्योग चुंबकांसाठी कासावीस झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने स्वदेशी चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पुढील वाटाघाटींत भारतीय मुत्सद्द्यांच्या शब्दाला किती वजन असेल, ते या कारखान्यांतून पहिला माल केव्हा बाहेर पडतो यावर ठरेल.