फिल्टर दोन, पाणी हापशाचं

फेब्रुवारी लागला की जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या हेडमास्तरांचे फोन जरा वेगळे वाजू लागतात. पलीकडून कुणीतरी अदबीनं विचारतं, "सर, आपल्या शाळेला काय हवंय? फक्त मार्चच्या आत व्हायला पाहिजे." वर्षभर पंचायत समितीचे, माहिती ताबडतोब पाठवा असं बजावणारे फोन घेऊन माणूस पिचलेला असतो. 'काय हवंय' असं त्याला कधी कुणी विचारलेलंच नसतं. तो हरखतो आणि तोंडाला येईल ते सांगून मोकळा होतो. टीव्ही, कपाट, बेंच, पाण्याचा फिल्टर. महिन्याभरात टेम्पो येतो, फ्लेक्स लागतो, नारळ फुटतो, फोटो निघतो आणि पाहुणे चहा घेऊन पुढच्या शाळेकडे निघतात.

या घाईमागं कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीचा निव्वळ नफा किमान ५ कोटी, किंवा उलाढाल किमान १,००० कोटी, किंवा नक्त मालमत्ता किमान ५०० कोटी आहे, तिनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. २०२१ पासून नियम आणखी आवळले. न खर्चलेला पैसा आता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. चालू प्रकल्प असेल तर वेगळ्या खात्यात टाकायचा, नसेल तर सरकारनं नेमलेल्या निधीत भरायचा. म्हणजे कंपनीच्या माणसालाही ३१ मार्च गाठायचा असतो. त्याची घाई आणि हेडमास्तरांचा हरखलेपणा यांची गाठ पडते, आणि त्यातून जे घडतं त्याला आपण 'शाळा-उद्योग भागीदारी' म्हणतो.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात या भागीदारीचे दोन नमुने शेजारी शेजारी उभे आहेत. दोन्ही पाण्याचे फिल्टर. पहिला एका कंपनीनं दिलेला. त्याच्या आतला मेंब्रेन गेला, तेव्हापासून तो बंद. पुढल्या साली दुसऱ्या कंपनीचा फोन आला, तेव्हा हेडमास्तरांनी पहिलाच दुरुस्त करून द्या म्हणून विनवलं. पण दुरुस्ती त्यांच्या हेडखाली बसत नव्हती. दुरुस्त केलेल्या फिल्टरवर पाटी कशी लावणार? म्हणून नवा कोरा फिल्टर आला, पाटीसकट. तो विजेवर चालतो आणि शाळेचं वीजबिल थकल्यामुळं जोडणी तुटलेली आहे. मुलं पाणी पितात ते आवारातल्या हापशाचं. एकजण दांडा मारतो, दुसरा ओंजळ धरतो. मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका पोरानं मला त्या दोन्ही फिल्टरांची ओळख करून दिली : "ह्यो जुना बंद, ह्यो नवा बंद."

कुणी म्हणेल, शाळेनं खर्च करावा. करावा की! समग्र शिक्षा अभियानातून शाळेला संयुक्त अनुदान मिळतं. ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये. त्यातच खडू, रजिस्टरं, झाडू-फिनेल, किरकोळ डागडुजी, वीजबिल सगळं बसवायचं, तेही ते वेळेवर हातात पडलं तर. दहावीस हजारांचं यंत्र फुकट मिळतं आणि त्याच्या दोनतीन हजारांच्या दुरुस्तीसाठी शाळा वर्षभर अडून राहते. कंपनीनं आपलं काम केलं, सरकारनंही केलं, गावानं टाळ्या वाजवल्या. फिल्टर कुणाचा, हा प्रश्न मात्र कुणाच्याच वाट्याला आला नाही.

या महाराष्ट्रात शाळेसाठी मागण्याची एक जुनी, कसलेली रीत होती. ती घडवणारा माणूस शिक्षणात नाव काढण्याआधी फिरतीचा विक्रेता होता. भाऊराव पाटील किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. लाकडी नांगरावर पिढ्या काढलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकायचा तर आधी त्याच्या बांधावर बसावं लागतं, त्याची जमीन, त्याची अडचण ऐकून घ्यावी लागते. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली तेव्हा हीच विद्या कामाला आली असणार. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली, तिथं सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र राहण्या-जेवण्याचं बोर्डिंग निघालं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. बोर्डिंगातल्या पोरांच्या ताटात भाकरी पडावी म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. ते संपल्यावरही पंगत उठली नाही, कारण तोवर घराघरातून मूठ मूठ धान्य येऊ लागलं होतं.

मुठीच्या या धान्याकडे आपण भाबडेपणानं पाहतो. गरिबांनी दिलेलं म्हणून गहिवरतो आणि पुढं जातो. मला त्यातली व्यवहाराची बाजू जास्त मोलाची वाटते. ज्या बाईनं सकाळी जात्यापाशी मूठभर ज्वारी बाजूला काढली, ती बाजारच्या दिवशी बोर्डिंगावरून जाताना आत डोकावणारच. पोरं जेवली का, भाकरी कच्ची तर नाही, मास्तर शिकवतात का, हे विचारायचा हक्क तिनं त्या मुठीनं कमावलेला असतो. आणि ज्या शाळेला हजार घरांतून मूठ येते, ती एकाच धनिकाच्या दारात वाकून उभी राहत नाही. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजची गोष्ट अजून सांगितली जाते. मोठी देणगी घेऊन आलेल्या कुणीतरी कॉलेजचं नाव बदलायची अट घातली आणि भाऊरावांनी ती देणगी तिथंच नाकारली. देणगीदारांच्या नावाचं त्यांना वावडं नव्हतं. 'रयत'च्या कितीतरी शाळा-कॉलेजांना अशी नावं आहेत. पण कुठलं नाव द्यायचं हे संस्था ठरवणार होती, पैसा नाही. हा 'नाही' त्यांना परवडला तो मागं उभ्या असलेल्या रयतेमुळं.

त्या पार्श्वभूमीवर २०२३ चा शाळा दत्तक योजनेचा शासन निर्णय वाचून पाहावा. देणगीदारानं शाळा ५ किंवा १० वर्षांसाठी दत्तक घ्यायची, रोख रकमेऐवजी वस्तू आणि सेवा द्यायच्या आणि त्या मुदतीपुरतं आपलं नाव शाळेच्या नावाशी जोडून घ्यायचं. सरकार शाळा विकायला निघालं, अशी ओरड तेव्हा झाली. मला एवढं टोक गाठावंसं वाटत नाही. पडक्या भिंती कुणी बांधून दिल्या तर मुलांचं भलंच आहे, आणि वस्तूंबरोबर 'सेवा' हा शब्द निर्णयात आहे ही चांगलीच गोष्ट. माझी तक्रार वेगळी आहे. या कराराच्या टेबलाला खुर्च्या किती? देणारा आहे, सरकार आहे. गाव आहे का? ज्या शाळेच्या नावाला दुसरं नाव जोडायचं, तिथं पोर घालणारी आई आहे का?

कायद्यानं तिची खुर्ची केव्हाच मांडून ठेवली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची आहे. तीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा याच समितीनं करायचा, असंही कलम २२ सांगतं. म्हणजे 'काय हवंय' या फेब्रुवारीतल्या प्रश्नाचं उत्तर आराखड्यात आधीच लिहिलेलं असायला पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आराखडा गुरुजी लिहितात, सह्या घरी जाऊन घेतात, आणि तो फायलीत जातो.

उद्योगाकडे मागण्यासारखी सगळ्यात मोलाची चीज टेम्पोत बसत नाही. ती म्हणजे काम येणारा माणूस. हे ज्यांना फार आधी उमगलं ते डॉ. श्रीनाथ कलबाग. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम उभा केला. त्यातून माध्यमिक शाळांसाठी जो अभ्यासक्रम आला, त्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, जनावरांची निगा, रक्तगट तपासणी. शिकवणारे बरेचसे आसपासचेच कारागीर. मुलांनी केलेली वस्तू किंवा दिलेली सेवा गावानं पैसे मोजून घ्यायची. पैसे मोजल्यावर गाव कुरकुर करतंच : जाळीच्या दाराची बिजागरी नीट बसली नाही, रंग ओघळला. नववीतल्या मुलीला मग ते दार परत न्यावं लागतं, बिजागरी कापून पुन्हा जोडावी लागते, लोखंडाचा आणि रॉडचा वाढीव खर्च वहीत मांडावा लागतो. त्या वहीत गणित असतं, विज्ञान असतं आणि गावाशी व्यवहारही असतो. पैशानं मोठी नसलेली ही भागीदारी तालुक्याचा वेल्डर, रोपवाटिकावाला, दूध संकलन केंद्रातला तपासनीस, कुणीही करू शकतो. एमआयडीसीची वाट पाहत बसायला नको. एकच पथ्य पाळायचं. मुलं तिथं शिकायला येतात, फुकटचे हेल्पर म्हणून नाही.

आता यातला अवघड भाग. काही उद्योग असे आहेत की त्यांच्यामुळंच पोरांची शाळा सुटते. दिवाळी सरली की बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या कितीतरी वाड्यातांड्यांवर हजेरीपटावरची नावं गळू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी, त्यांचा एक कोयता, आणि ट्रकवर चढवलेल्या भांड्याकुंड्यांत बसलेली लेकरं पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकच्या उसाच्या फडांवर जातात, ती हंगाम संपल्यावरच परततात. थोरली मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते, चूल पेटवते. तिच्यासाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. गावात राहणाऱ्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणासाठी हंगामी वसतिगृहं आली. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागं १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलं. संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं मंजूर झाली.

ही भागीदारी कागदावर तरी खरी आहे, कारण तीत उद्योगानं स्वतःच्या धंद्याचं देणं मान्य केलं आहे. गाळलेल्या प्रत्येक टनाशी ती बांधलेली आहे, मार्चच्या घाईशी नाही. कारखान्यानं आपल्या संस्थेच्या इंग्रजी शाळेला संगणक कक्ष द्यायचा आणि गव्हाणीपासून हाकेच्या अंतरावरच्या कोप्यांतली पोरं हजेरीबाहेर राहू द्यायची, याला मदत म्हणणं कठीण आहे. आणि इथंही सगळं अडतं ते गावातच. हंगामी वसतिगृहाचा शिधा शाळा व्यवस्थापन समितीच्या हातून जातो. आजीकडे ठेवलेल्या नातीला रात्री जेवण मिळालं का, हे विचारायला जर कुणी शेजारीण नसेल, तर तो शिधा तिच्या ताटापर्यंत पोचणार नाही.

अलीकडे एका शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बसायचा योग आला. अध्यक्ष एक आई, गावात पिठाची गिरणी चालवणाऱ्या. कंपनीचे दोन तरुण अधिकारी स्मार्ट टीव्हीचा प्रस्ताव घेऊन आले होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टीव्ही दोन हायेत साहेब, लाइट नाही. तुमी छपरावर सोलर बसवा. अन् पाच वरसं देखभाल लिहून द्या." अधिकारी म्हणाले, पाच वर्षांचं बजेट आमच्या हातात नाही. बाई म्हणाल्या, "मग तीन." पुढं त्यांनी आपली बाजूही सांगितली. पॅनेल धुण्याची पाळी पालकांची, आणि बॅटरीच्या पाण्याचा नि किरकोळ तारेचा खर्च भागवायला दर घरामागं महिन्याला १० रुपये गाव गोळा करणार. शेवटी कंपनीच्या देखभाल खात्यातला माणूस महिन्यातून एकदा येऊन सातवीच्या मुलांना जोडणी शिकवणार, हेही कागदावर आलं. वाटाघाटी चालल्या होत्या तेव्हा हेडमास्तर एकदाच बोलले, चहा सांगायला.

त्या बाईंचं बळ शिक्षणतज्ज्ञ असण्याचं नव्हतं. आराखडा त्यांनी स्वतः वाचला होता आणि घरामागचे १० रुपये त्यांच्या मुठीत होते. प्रस्ताव फिसकटला असता तरी शाळा बंद पडणार नव्हती, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. येत्या फेब्रुवारीत तुमच्या गावच्या शाळेत फोन वाजेल. त्याआधी एक ग्रामसभा बोलवा, आराखड्याची फाईल उघडा, त्यातली पहिली ओळ आपण आपल्या पैशानं पुरी करा आणि उरलेली यादी कंपनीपुढं ठेवा. यादीत नसलेलं काही टेम्पोतून आलं, तर चहा पाजा आणि टेम्पो परत लावून द्या.