मागण्याची विद्या

सांगलीहून पेठ नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आष्टा हे वाळवा तालुक्यातील ऊस-हळदीच्या शिवाराचे गाव. गावात नगरपरिषद आहे, अण्णासाहेब डांगे यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. अशा गावातील मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकावयास निघाली की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'कोणते रान काढायचे?' हा. त्याआधी विचारावयाचा दुसरा एक प्रश्न असतो. जेथे शिकावयास जायचे त्या विद्यापीठाकडे साहाय्य मागून पाहिले काय? हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत कोणी विचारीतच नाही.

रान काढण्याची पाळी का येते, हे समजण्यासारखे आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेले की बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. आणि शेतजमीन तारण म्हणून घेण्यास बहुतेक बँका नाखूष असतात. घर गावठाणात, कागदपत्रे अपुरी. मग पिढ्यान्‌पिढ्या राखलेली जमीन विकणे, नाहीतर खासगी कर्जाच्या व्याजात अडकणे, एवढेच मार्ग कुटुंबाला दिसतात.

सल्ला देणारे नसतात असे नाही. शहरांत परदेशी प्रवेशाची कार्यालये जागोजाग आहेत. परंतु त्यांच्यापैकी अनेकांचे उत्पन्न परदेशी संस्थेने दिलेल्या दलालीवर अवलंबून असते, आणि ती दलाली विद्यार्थी भरील त्या शुल्कातून निघते. जी संस्था शुल्कच माफ करते ती दलाली कशाला देईल? साहाय्य देणाऱ्या संस्थांची नावे या कार्यालयांतून फारशी ऐकू येत नाहीत, यात म्हणूनच नवल नाही.

वस्तुस्थिती अशी आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट या अमेरिकी संस्था पदवीचा प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याच्याही ऐपतीकडे पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर कुटुंबाला न पेलणारा खर्च स्वतः उचलतात. तेथे प्रवेश मिळणे अतिशय कठीण, हे उघडच आहे. इतर बहुतेक संस्थांत साहाय्य मागितल्याने परदेशी विद्यार्थ्याचा प्रवेश अवघड होऊ शकतो, हेही लपवून ठेवू नये. परंतु अर्ज करतानाच जो मागत नाही, त्याला पुढे मागावयाची सोय बहुधा राहत नाही. डॉक्टरेटसाठी, विशेषतः विज्ञान आणि अभियांत्रिकी शाखांत, अमेरिकेत शुल्कमाफी आणि साहाय्यकाचे वेतन देण्याची प्रथाच आहे. दोन वर्षांच्या एम.एस.ला ते क्वचित मिळते. आपली मुले जातात ती मात्र बहुतांशी एम.एस.लाच! जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणीचे शुल्क घेत नाहीत. पण २०२४ च्या सप्टेंबरपासून व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागू लागले. हे तपशील ज्याला ठाऊक आहेत त्याचा हिशेब वेगळा होतो आणि ज्याला ठाऊक नाहीत त्याचे रान जाते.

अर्जाचीही एक विद्या आहे. सातबाऱ्यावरील दोन एकर बागायतीची बाजारभावाने किंमत करून ती डॉलरांत मांडली की कुटुंब सधन दिसते. त्याच जमिनीचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न मांडले की चित्र पालटते. हा फरक परक्या देशातील अधिकाऱ्याला आपोआप कळणार नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कारखान्याची ऊसबिले, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, या सर्वांची इंग्रजी भाषांतरे आणि परिस्थिती सरळ शब्दांत सांगणारे एक पत्र जोडावे लागते. खोटा दाखला जोडण्याचा मोह मात्र घातक. तो उघडकीस आला तर प्रवेशही जातो आणि नावही जाते.

या सगळ्याच्या आड येते ती भीड. आपल्याकडे मागणे कमीपणाचे मानले जाते. जमीन विकणे दुःखाचे असले तरी अब्रूचे ठरते. ज्यांचा आपण वारसा सांगतो त्यांनी ही भीड बाळगली नव्हती. साताऱ्याच्या सरकारी शाळेत शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ साली परतले. प्राध्यापकी करून पैसे साठविले आणि १९२० साली पुन्हा गेले. १९२१ साली लंडनहून त्यांनी छत्रपती शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. त्या पत्राने त्यांच्या मोठेपणाला तिळमात्र उणेपणा आला, असे कोण म्हणेल? याच वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकच्या भाऊराव पाटलांनी दारोदार हिंडून मागितले, म्हणूनच रयत शिक्षण संस्था उभी राहिली.

आज त्या दोन्ही राजांच्या नावे महाराष्ट्र शासनाच्या परदेशी शिष्यवृत्ती आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, आणि २०२३ साली सुरू झालेली सयाजीरावांच्या नावाची सारथीमार्फत मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठी. नावे मोठी आहेत. त्यांना साजेल अशी वेळेची शिस्तही हवी. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी २०२५ साली १०६ उमेदवार निवडले गेले. जुलैत तात्पुरती पत्रे मात्र आधी ४० जणांनाच मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास असे सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठे ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात. ती कोणाच्या निधीसाठी थांबत नाहीत. अशा वेळी हातातली जागा सोडावी की सावकाराकडे जावे, हा पेच त्या विद्यार्थ्यापुढे शासनानेच उभा केलेला असतो. निकाल मेअखेर जाहीर करणे आणि निवडीबरोबरच निधीची हमी देणे, एवढे तरी बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले पाहिजे.

दुसरे काम तालुक्याच्या ठिकाणचे आहे, आणि त्याला मंत्रालयाच्या आदेशाची गरज नाही. आष्ट्यासारख्या गावातील महाविद्यालयाने एक खोली, एक जाणता प्राध्यापक आणि बाहेर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची एक यादी एवढ्या भांडवलावर परदेशी साहाय्याचे मार्गदर्शन सुरू करावे. बहुतेक अमेरिकी संस्थांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात जातात. म्हणून हे काम गळीत हंगामाच्या आधीच सुरू झाले पाहिजे. पालकांनाही तेथे बोलवावे, कारण निर्णय त्यांच्या घरात व्हायचा असतो. मागूनही नकार येईल, अनेकदा येईल. त्यानंतर रान विकावयाचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु मागण्यापूर्वी ते विकले जाऊ नये.