शेजारी की समोरासमोर?

एम.एस्सी.ला असेंद्रिय रसायनशास्त्र घेतले की घरचे विचारतात, ‘याचा पुढे उपयोग काय?’ औषध कंपन्यांतल्या नोकऱ्या सेंद्रियवाल्यांनाच, असा समज पक्का आहे. मग धातूंच्या संयुगांच्या रचना नेट-सेटपुरत्या पाठ होतात.

या रचनांचे मोल सिस्प्लॅटिनवरून कळते. प्लॅटिनमच्या अणूभोवती दोन क्लोरीन, दोन अमोनिया. क्लोरीन शेजारी-शेजारी असले तर ते कर्करोगाचे औषध. समोरासमोर असले तर घटक तेच, पण औषध म्हणून निरुपयोगी. हे संयुग १८४५ पासून ठाऊक होते. त्याची रचना आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये उलगडली. प्लॅटिनमची संयुगे जिवाणूंचे विभाजन थांबवतात, हे बार्नेट रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये दाखवले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली. वृषणाच्या कर्करोगाचे असंख्य रुग्ण त्यामुळे बरे झाले.

थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते. त्यातून साठणारे लोह बाहेर काढणारी औषधेही याच शास्त्रावर उभी आहेत. एमआरआयसाठी टोचले जाणारे गॅडोलिनियम सुटे असेल तर विषारी; रेणूच्या घट्ट पकडीत असते म्हणूनच ते वापरता येते.

तेव्हा विद्यापीठांनी प्रात्यक्षिके परीक्षानळीतल्या रंगापाशी थांबवू नयेत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयासोबत विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यावेत. सिस्प्लॅटिन आजही मूत्रपिंडाला आणि श्रवणशक्तीला इजा करते. त्याहून सुरक्षित औषधे घडवायला धातूंचे रसायन पाठ केलेली नव्हे, समजलेली माणसे लागतील.