भीड सोडा, फोन ठेवा

अनोळखी माणसानं फोनवर ओटीपी, आधार, पार्सल किंवा अटक यांतला एक शब्द जरी उच्चारला, तरी त्याचं वाक्य पुरं होण्याची वाट पाहू नका. फोन ठेवा. एवढं आजपासून करा, आणि घरातल्या प्रत्येकाकडून करून घ्या, ही कळकळीची विनंती.

हे सांगायला सोपं असलं तरी आपल्याला जड जातं. समोरचा माणूस अधिकारी म्हणवतोय, आवाज करडा आहे, आपलं पूर्ण नाव आणि पत्ता घेऊन बोलतोय. अशा माणसाचा फोन मध्येच कसा तोडायचा? निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले काका, मुलं परदेशी असलेले आजी-आजोबा या संकोचापायीच फोन धरून बसतात. भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. आपलं नाव-पत्ता त्याला ठाऊक आहे म्हणून तो खरा ठरत नाही. अशा याद्या बाजारात विकत मिळतात.

‘डिजिटल अरेस्ट’ची रीत नीट समजून घ्या. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला, अशी सुरुवात होते. मग व्हिडिओ कॉल. पलीकडे गणवेश, मागे भिंतीवर पोलिसांचं बोधचिन्ह, हातात शिक्का मारलेला कोर्टाचा कागद. दार लावून घ्या, कॅमेरा बंद करू नका, मुलांना कळवलंत तर त्यांनाही गोवू, असं बजावलं जातं. कधीकधी हे तासन्तास, दिवसचे दिवस चालतं. शेवटी मुदत ठेव मोडून रक्कम ‘तपासणीसाठी’ एका खात्यात भरायला लावतात. तपास संपला की परत मिळेल म्हणतात.

यातलं काहीही खरं नसतं. डिजिटल अरेस्ट नावाची तरतूद भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाहीत आणि कुठलंही न्यायालय फोनवरून पैसे भरायला सांगत नाही. चोरांनी सर्वोच्च न्यायालयाचेही खोटे आदेश छापले, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द कानावर पडताच उठा, शेजाऱ्याचं दार वाजवा.

दुसरा धोका व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो. लग्नसराईत पत्रिका येते, एरवी वाहतुकीच्या दंडाची पावती किंवा एखाद्या सरकारी योजनेची ‘केवायसी’. फाइलच्या नावाचा शेवट नीट पाहा. तिथं पीडीएफ किंवा जेपीजी नसून ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नव्हे, ते अ‍ॅप आहे. ते उघडून बसवलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की तुमचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. वर तेच अ‍ॅप तुमच्या नावानं तुमच्या साऱ्या ग्रुपांत फिरू लागतं. म्हणूनच ‘मामांच्या नंबरवरून आली’ हा काही पुरावा नाही. मामांना फोन करून विचारा. चुकून फाइल उघडली गेलीच, तर आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

आणि आपली कागदपत्रं! झेरॉक्सच्या दुकानात गेल्यावर आपण आधार आणि पॅन दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, प्रिंट घेतो, निघून येतो. ती छायाचित्रं त्या फोनमध्ये, त्या संगणकात महिनोन् महिने पडून राहतात. दुकानदार सज्जन असेल. पण त्याचा संगणक दिवसभर कितीजण हाताळतात? प्रिंट हातात पडताच संदेश ‘सर्वांसाठी डिलीट’ करा आणि संगणकावर उतरवलेली प्रत समोर उभं राहून पुसून घ्या. लॉजला, भाडेकराराच्या एजंटाला शक्यतो फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतं. अंगठ्याचा गैरवापर टाळायला बायोमेट्रिकही तिथंच लॉक करता येतं.

बाकीचं थोडक्यात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही; तो द्यायला लागतो. ‘कुरिअरवाल्या’नं सांगितलं म्हणून स्टारनं सुरू होणारा कुठलाही क्रमांक डायल करू नका, त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात. फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं अ‍ॅप कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला वापरा. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी ‘टू-स्टेप’ पिन आजच लावा. सहलीचे फोटो परतल्यावर टाका.

पैसे गेलेच, तर १९३०. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हा सरकारी क्रमांक आई-बाबांच्या फोनमध्ये आत्ता जतन करा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात काही मिनिटांत पळवली जाते. ती वाटेतच गोठवायची असेल तर पहिला तास सोन्यासारखा आहे. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून फोन लावा, मग बँकेला कळवा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. कॉलचे स्क्रीनशॉट पुसू नका.

घरातल्या तरुणांना वेगळं सांगायचं आहे. फसलेला माणूस बहुधा आधी लपवतो, कारण त्याला तुमच्या बोलण्याची भीती वाटते, आणि त्या लपवण्यातच तो मोलाचा तास निघून जातो. म्हणून आज रात्री जेवताना आईला, वडिलांना स्पष्ट सांगा, की असं काही झालं तर आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा. आणि कधी तसं झालंच तर ‘ओटीपी का दिलात?’ असं विचारू नका. किती वाजता, कुठल्या खात्यातून, एवढंच विचारा आणि १९३० लावा.